पेटी उघडण्याआधी

मी वाजवत नाही. ट्रक चालवतो.
बावन्न खुर्च्या, तेवढेच स्टँड, दोन टिंपनी,
आणि माणसापेक्षा उंच पेट्यांत उभे चार कॉन्ट्राबास.
पट्टे आवळताना मी त्यांना म्हणतो, जरा सरकून घ्या.
कुणी ऐकत नसेल तरच.

बोथनियाच्या आखाताला टेकलेलं आमचं गाव.
जानेवारीत समुद्रावरून गाडी जाते.
कागदाची गिरणी बंद पडून सहा वर्षं झाली.
चिमणी आहे. धूर नाही, वास नाही.
पूर्वी पाहुणे नाक दाबायचे,
आम्ही म्हणायचो, हा पगाराचा वास.

नगरपालिकेच्या सभेत एकानं विचारलं,
ऑर्केस्ट्रा कशाला पोसायचा?
प्रश्न चुकीचा नव्हता.
विचारणारा माझाच मेहुणा, तौनो.
उत्तर कुणी दिलं नाही.
दुसऱ्या दिवशी मंगळवार होता,
आणि मंगळवारी आम्ही गावात हिंडतो.

उणे अठ्ठावीस.
अशा थंडीतून आत आणलेलं वाद्य लगेच उघडायचं नसतं,
लाकूड तडकतं.
दीड तास पेटी बंद ठेवायची.
त्या दीड तासाचं काय करायचं
हे कार्यक्रमपत्रिकेत छापत नाहीत.

शाळेत लिबाननं पेटीला कान लावला.
झोपलंय?
हो, म्हणाली उल्पू, हळू बोल.
मग सव्वीस पोरं तासभर कुजबुजत राहिली,
बाईंनी दोनदा दाराबाहेर जाऊन डोळे पुसले,
हसण्यानं की कशानं, मी विचारलं नाही.

दुपारी वृद्धाश्रम.
कॉफी, वेलचीचा पाव,
क्लॅरिनेटवाला कुणाच्या तरी चष्म्याचा स्क्रू बसवून देतोय.
हिल्का खिडकीपाशी.
एकोणचाळीस वर्षं तीन नंबरच्या मशीनवर होती,
कान तिथंच ठेवून आली.

पेटी उघडली तेव्हा उल्पूनं
तिचा तळवा बासच्या पाठीवर ठेवला,
आणि सगळ्यात जाड तारेवरून गज ओढला, लांब.
हिल्कानं मान हलवली. खाली.
उल्पूनं खुंटी सैल केली.
अजून.
तार जवळजवळ लोंबायला लागली,
सूर कसला, नुसती घरघर,
जमिनीतून माझ्या बुटात आली.
अजून थोडं. थोडंच.
हां.

हिल्काचा हात हलेना.
तीन नंबर, ती म्हणाली, बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात,
ओला कागद चढला की असंच चालायचं.

छे, पलीकडून एक म्हातारा म्हणाला, एवढं खाली नव्हतं.
तू रात्रपाळीला कधी होतास?
दोन होतो. चव्वेचाळीस सालची गोष्ट सांगू नकोस.
मी जन्मलेच नव्हते चव्वेचाळीसला!
पाच जण, एका मेलेल्या यंत्राच्या खर्जावरून
चाळीस मिनिटं भांडले.
उल्पू खुंटी पिळत राहिली, वर, खाली,
देवासमोर शपथ घेतल्यासारखी गंभीर.
ठरवलेलं एकही गाणं वाजलं नाही.
निघताना तिनं स्वरलिपीच्या कोपऱ्यात
पेन्सिलनं लिहिलं: ३.

शनिवारी सभागृहात
ओबोनं सूर द्यायच्या आधी
तळातून ती घरघर आली.
कार्यक्रमात नव्हती.
चार श्वास असेल, फार तर पाच.
बाल्कनीत कुणीतरी खोकायचं थांबलं.
शहराबाहेरून आलेल्यांना वाटलं असेल
हीटर बिघडला.

मग रीतसर वाजलं सगळं.
चांगलं वाजलं म्हणतात.
मला त्यातलं कळत नाही,
मी दाराशी उभा राहून ट्रकच्या बॅटरीची काळजी करत होतो.

तौनो मागच्या दारानं आला, बर्फ झटकत.
फुकटचं तिकीट मिळालं होतं, म्हणाला, न विचारता.
मी दोरखंड गुंडाळत राहिलो.
बराच वेळानं तो म्हणाला,
दोन नंबरचं वेगळं होतं.
जरासं वर. आणि मध्येच अडखळायचं,
बेअरिंग कधी बदललंच नाही त्यांनी.

मग मंगळवारी ये, मी म्हणालो.
उचलायला माणूस कमी आहे.

त्या मंगळवारी आला नाही.
पुढच्या आला,
हातमोजे विसरून.